सलोख्यासाठी अंदाजपत्रकात जागा हवी

१० मार्च २०२५ रोजी मुंबईत राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला गेला. सुमारे सात लाख कोटी रुपयांच्या त्या अर्थसंकल्पात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट आणि १ लाख ३६ हजार कोटींहून अधिक राजकोषीय तूट दाखवलेली होती, आणि पुढचे काही दिवस सगळी चर्चा या दोन आकड्यांभोवती फिरत राहिली. त्यानंतर बरोबर आठवड्याने, १७ मार्चच्या संध्याकाळी, नागपुरात महाल आणि हंसापुरी या जुन्या वस्त्यांत दंगल झाली. दगडफेक झाली, वाहने जाळली गेली, जखमींपैकी एका नागरिकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला, आणि अनेक पोलिस ठाण्यांच्या हद्दींत संचारबंदी लागू झाली. अर्थसंकल्पामुळे दंगल झाली असा दावा मी करत नाही. दंगलीला तिची तात्कालिक कारणे होती आणि अफवा व चिथावणी यांचा त्यात मोठा वाटा होता. तरीही त्या आठवड्याने एक प्रश्न पुढे आणला. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन वस्त्यांचा एकमेकींवरचा विश्वास टिकावा यासाठी शासन वर्षाला किती खर्च करते, याचे उत्तर त्या जाडजूड दस्तऐवजांत कोठेही सापडत नाही. बंदोबस्ताचा खर्च सापडतो, नुकसानभरपाईचा सापडतो, चौकाचौकांत बसवलेल्या कॅमेऱ्यांचा सापडतो. हे सारे विश्वास तुटल्यानंतरचे किंवा तो तुटणारच असे गृहीत धरून केलेले खर्च आहेत.

सामाजिक सलोखा हा प्रवचनांचा आणि शांतता समित्यांच्या बैठकांचा विषय आहे, पैशांचा नाही, असे आपण फार काळ मानत आलो. माझे मत याच्या उलट आहे. सलोखा ही सार्वजनिक पैशातून उभी राहणारी आणि सार्वजनिक पैसा आटला की झिजणारी गोष्ट आहे. म्हणून खर्चाला कात्री लावण्याचा प्रत्येक निर्णय हा माणसांनी एकमेकांच्या सहवासात राहावे की दूर जावे याविषयीचाही निर्णय असतो, मग तो घेणाऱ्यांच्या मनात तसे असो वा नसो.

आपल्या राज्यात काटकसरीचे धोरण कोणी गाजावाजा करून जाहीर करत नाही. ते वित्त विभागाच्या परिपत्रकांतून येते: तरतुदीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच निधी वितरित करावा, नवी पदे निर्माण करू नयेत, रिक्त पदे मान्यतेशिवाय भरू नयेत. या कात्रीला स्वतःची एक दिशा आहे. रस्ता, उड्डाणपूल, इमारत हा भांडवली खर्च. परिचारिका, शिक्षक, ग्रंथपाल, अंगणवाडी सेविका, समाजसेवा अधीक्षक यांचे वेतन व मानधन हा महसुली खर्च. वित्तीय शिस्तीच्या चर्चेत पहिला खर्च गुंतवणूक म्हणून मिरवतो आणि दुसरा ओझे ठरतो. केंद्र सरकार राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीची जी बिनव्याजी कर्जे देते तीही भांडवली कामांसाठीच असतात. परिणाम असा की बांधकाम चालू राहते आणि त्या बांधकामात ज्यांनी काम करायचे ती माणसे मिळत नाहीत. सलोखा मात्र जवळजवळ पूर्णपणे महसुली खर्चातून निर्माण होतो. तो भिंतीतून येत नाही. रांगेत उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांना समान वागणूक देणाऱ्या तिसऱ्या माणसामुळे तो निर्माण होतो, आणि त्या तिसऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो.

जुन्या नागपुरात हे डोळ्यांना दिसते. मोमीनपुऱ्याजवळ मेयो रुग्णालय आहे, गांधीबागेत डागा स्मृती स्त्री रुग्णालय आहे. महाल, इतवारी, हंसापुरी, पाचपावली, टिमकी, मोमीनपुरा या वस्त्यांतल्या बायका बाळंतपणासाठी डागामध्ये येतात आणि एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर असतात. कोष्टी, मुस्लिम, बौद्ध, तेली, सिंधी, उत्तर भारतातून आलेले मजूर, हे सगळे शहरात एकमेकांच्या इतके जवळ फार थोड्या जागी येतात. अशा वॉर्डात खाटा आणि परिचारिका पुरेशा असतील तर शेजारच्या खाटेवरची बाई ही सोबतीण असते. त्या अपुऱ्या असतील तर तीच बाई स्पर्धक होते आणि ‘त्यांच्या लोकांना आधी घेतात’ ही कुजबुज सुरू होते. ती कुजबुज खोटी असली तरी टंचाई खरी असते, आणि खऱ्या टंचाईवर खोटी गोष्ट सहज रुजते. द्वेष पसरवणाऱ्याला दोन वस्तू लागतात, एक कहाणी आणि एक अभाव. कहाणी तो स्वतः आणतो, अभाव त्याला आपण पुरवतो.

या शहराला एके काळी एकत्र येण्याची आणखी मोठी जागा होती. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने आणि नंतरच्या मॉडेल मिलने हजारो कुटुंबांना वेतन दिले, आणि एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी निवृत्तिनिधीसारख्या सोयी कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी आल्या. कोष्टी आणि मोमीन ही दोन्ही विणकरांचीच घरे. हातमाग ओसरत गेला तसे दोन्हींकडचे लोक गिरणीत, बाजारात, विड्यांच्या कारखान्यांत विखुरले. एम्प्रेस मिल पुढे राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या आरंभी कायमची बंद पडली. गिरणी चालवत राहायला हवी होती की नाही, हा वेगळा वाद आहे. पण तिच्याबरोबर पाळीवरची सोबत, कामगार संघटनेची सभा, एकाच दिवशी होणारा पगार हे सर्व गेले, आणि त्या जागी काय उभारायचे याचा विचार कोणत्याही अंदाजपत्रकाने केला नाही. खासगी उद्योगाने दिलेली सामायिक जागा नाहीशी होते तेव्हा सार्वजनिक संस्थांचे महत्त्व वाढते. आपण नेमक्या त्याच काळात महापालिकेच्या शाळा एकामागून एक बंद होताना पाहिल्या.

शाळांच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे. महापालिकेच्या शाळा मुख्यतः मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमांच्या आहेत, त्यामुळे सार्वजनिक शाळा असूनही मुले वेगळ्या इमारतींत शिकतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. म्हणजे केवळ सार्वजनिक खर्च वाढवला की माणसे आपोआप जवळ येतील असे समजणे भाबडेपणाचे होईल. तो कशावर आणि कोणत्या अटींवर होतो हे पाहावे लागेल. उर्दू शाळेत मराठीचा उत्तम, कायमस्वरूपी शिक्षक असणे, मराठी आणि उर्दू शाळांचे क्रीडासंघ एकत्र तयार होणे, दोन वस्त्यांच्या सीमेवरचे मैदान संध्याकाळी दिव्यांसह उघडे असणे, या गोष्टी स्वस्त आहेत, पण फुकट होत नाहीत. राज्याने २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. मुलाला मराठी नीट येते की नाही हे मात्र त्या कायद्यापेक्षा वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकावर अवलंबून आहे.

काटकसरीने समाज दुभंगतो, याचे पुरावे इतर देशांच्या इतिहासात विपुल आहेत. जर्मनीत १९३० ते १९३२ या काळात चान्सलर ब्रुनिंग यांनी मंदीच्या ऐन तडाख्यात सरकारी पगार आणि बेकारांचे भत्ते कापले व कर वाढवले. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझी पक्षाला १८ टक्क्यांच्या आसपास मते होती; जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली. ज्या भागांना या कपातीची झळ अधिक बसली तेथे नाझींची मते अधिक वाढली, असे संशोधकांच्या एका गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. ब्रिटनमध्ये २०१० नंतर कल्याणकारी खर्चाला कात्री लागली, स्थानिक संस्थांची अनुदाने घटली, वाचनालये आणि युवककेंद्रे बंद झाली. थीमो फेत्झर या अर्थतज्ज्ञाने २०१९ मध्ये दाखवले की ज्या भागांत ही कपात तीव्र होती तेथे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा आग्रह धरणाऱ्या पक्षाचा पाठिंबा वाढला. लोकांच्या रोषाला वाट मिळाली ती बहुतेक वेळा परक्यांच्या, स्थलांतरितांच्या, अल्पसंख्याकांच्या दिशेने. ज्या मंत्र्याने तरतूद कापली त्याचे नाव त्या रोषात क्वचितच येते, कारण कपात अदृश्य असते आणि शेजारी समोर असतो.

उलट बाजूचे उदाहरण उत्तर आयर्लंडचे आहे. तेथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये तीन दशके रक्तपात झाला. १९९५ मध्ये युरोपीय संघाने त्या प्रदेशासाठी खास निधीचा कार्यक्रम सुरू केला, म्हणजे १९९८ च्या शांतता कराराच्याही आधी. त्यातून क्रीडासंकुले, सामायिक शिक्षणाचे प्रकल्प, दोन्ही समाजांच्या तरुणांची शिबिरे यांना पैसा मिळाला, आणि डेरी शहरात नदीच्या दोन तीरांवरच्या दोन समाजांना जोडणारा पादचारी पूलही २०११ मध्ये याच निधीतून झाला. तो कार्यक्रम नाव बदलून आजही चालू आहे. तेथे दुरावा संपला असे कोणी म्हणणार नाही. वस्त्यांमधल्या भिंती अजूनही उभ्या आहेत. पण करार कागदावर झाला आणि लोक दमले म्हणून पैसा थांबला, असे तेथे झाले नाही, आणि तीस वर्षांचे हे सातत्य मला त्यातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

अर्थात, आपल्याला उदाहरणासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. महाराष्ट्र हे राज्यच अंदाजपत्रकाच्या एका वचनावर एकत्र आले आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला सांगितले की नव्या राज्यात सामील झालात तर खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, नोकऱ्यांत आणि तंत्रशिक्षणात योग्य वाटा मिळेल, विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरेल. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल अशी व्यवस्था झाली. दोन प्रदेशांनी एकत्र नांदावे यासाठी पैशांच्या वाटपाची हमी द्यावी लागते, हे त्या पिढीतल्या नेत्यांना पक्के कळत होते. ती हमी कशी पाळली गेली हे विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांवर करायचा राहिलेला खर्च, ३,१८६ कोटी रुपये ठरवला, त्यातला १,२४६ कोटी एकट्या विदर्भाचा होता. १९९४ मध्ये प्रत्येक प्रदेशाच्या विकासावर लक्ष ठेवणारी वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. अनुशेषाचा प्रश्न आपण सिंचन आणि रस्त्यांच्या हिशेबात मांडत आलो, ते आवश्यकच होते. पण विदर्भाच्या मनातला दुरावा हा त्या आकड्यांचाच सामाजिक चेहरा आहे. १९९४ च्या नोव्हेंबरात हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आलेले गोवारी समाजाचे ११४ लोक याच शहरात चेंगरून मेले. ते या राज्याकडे आपला वाटा मागायला आले होते.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्कात रूपांतरित झाली, आणि तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर, व्यापाऱ्यांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. नागपूरच्या धरमपेठेतल्या वकिलाने, मुंबईच्या कारकुनाने दरमहा काही रुपये द्यायचे आणि त्यातून कोणत्याही तालुक्यातल्या मजुराला काम मागण्याचा हक्क मिळायचा, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. महाराष्ट्राने एकोप्यासाठी लावलेला हा कर होता. संविधानात या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये अशी १९८८ मध्ये ठरली आणि ती अजून तेवढीच आहे, म्हणजे लाखो रुपये महिना कमावणारा माणूसही आज तेवढेच देतो. ‘पैसे कोठून आणायचे’ असे विचारणाऱ्यांनी या आकड्यापासून सुरुवात करावी. मर्यादा वाढवण्याचे काम संसदेचे आहे, पण तशी मागणी करायला महाराष्ट्राइतका अधिकार दुसऱ्या कोणत्या राज्याला असेल?

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येतो. राज्य खर्च करत नाही असे नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद झाली. महिलांच्या हाती थेट दीड हजार रुपये जाणे ही चांगली गोष्ट आहे; स्वतःच्या नावावर पैसा आल्याने घरातला शब्द वाढतो, हे ज्यांनी पाहिले आहे ते या पैशाला खैरात म्हणणार नाहीत. पण हा पैसा प्रत्येकीला स्वतंत्रपणे मिळतो, तिला तिच्या शेजारणीशी जोडत नाही. शिवाय सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या निधीतून या योजनेकडे रक्कम वळवली गेली, तेव्हा सामाजिक न्यायमंत्र्यांनी स्वतःच मे २०२५ मध्ये उघड नाराजी व्यक्त केली. दलित आणि आदिवासी मुलांच्या वसतिगृहांचा पैसा सर्व समाजाच्या लाभाच्या योजनेला लावणे म्हणजे एका बहिणीचे ताट दुसरीपुढे सरकवणे. कर्नाटक आणि तेलंगणात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेल्या उपयोजनांच्या निधीला कायद्याचे संरक्षण आहे. बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीच्या राज्यात ते नसावे, हे मला सहन होत नाही.

याच काळात जातीनिहाय आर्थिक विकास महामंडळांची संख्याही वाढत गेली. प्रत्येक समाजाला त्याच्या श्रद्धास्थानाच्या नावाने एक महामंडळ, एक अध्यक्ष आणि एक तुटपुंजी तरतूद. त्या समाजांच्या गरजा खऱ्या आहेत, पण शासन प्रत्येक जातीशी वेगळ्या खोलीत बसून बोलते तेव्हा प्रत्येकाला शेजारच्या खोलीत जास्त दिले गेले असा संशय येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला हा आक्षेप लागू होत नाही, कारण तो शतकांच्या वंचनेची भरपाई आहे आणि त्याला संविधानाचा आधार आहे. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र विचारले पाहिजे की वसतिगृह, कर्ज, कौशल्य प्रशिक्षण या सोयी तालुक्यागणिक सर्वांसाठी एकत्र आणि पुरेशा असत्या, तर वेगळ्या महामंडळाची मागणी इतक्या समाजांना का करावी लागली असती?

वित्तीय शिस्तीची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या वर गेले आहे आणि व्याज हे पुढच्या पिढीच्या शाळेतूनच जाते. पण हे कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाच्या आत आहे, आणि वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा तूट किती असावी हे सांगतो. आहे त्या पैशांतून परिचारिका नेमावी की उड्डाणपुलाचा आणखी एक उतार बांधावा, हे तो सांगत नाही. ती निवड राजकीय आहे. इंदोऱ्यापासून दिघोरीपर्यंत जुन्या शहराच्या डोक्यावरून जाणारा उड्डाणपूल होत आहे. त्याने वेळ वाचेल, पण ज्या वस्त्यांवरून तो जातो त्यांतल्या माणसांच्या भेटी त्याने वाढणार नाहीत. त्या वस्त्यांत वाचनालय, अभ्यासिका, प्रसूतिगृह आणि ‘आपली बस’ या शहर बससेवेची वेळेवर येणारी फेरी यांची तरतूद करण्यासाठी तूट वाढवावी लागत नाही, प्राधान्यक्रम बदलावा लागतो.

पैसा कोणत्या अटीवर द्यायचा याचेही धडे आपल्याकडे आहेत. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर भिवंडीत पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांना मोठा निधी लागला नाही. बीटवरच्या पोलिसांचा नियमित वेळ लागला, आणि तो वेळही सरकारी खर्चच असतो. आपल्याकडे शांतता समित्या आजही आहेत, पण त्या सणाच्या तोंडावर जाग्या होतात. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत शासनाने गावांना एकोप्यासाठी रोख पुरस्कार दिले. ती मोहीम गावांसाठी होती, शहरांतल्या वस्त्यांसाठी तशी काही व्यवस्था उभी राहिली नाही.

नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचे अंदाजपत्रक प्रशासकाने केले. कोणत्या वस्तीला काय मिळाले नाही हे सभागृहात विचारणारे कोणी नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन ३८ प्रभागांतले १५१ नगरसेवक पुन्हा आले आहेत. त्यांच्यापुढे तीन मागण्या ठेवाव्यात असे मला वाटते. अंदाजपत्रकाला एक पुरवणी जोडावी आणि तीत प्रत्येक प्रभागात आरोग्य, शाळा, वाचनालय, मैदान आणि बस यांवर दरडोई किती खर्च झाला व किती पदे रिक्त आहेत हे छापावे, म्हणजे ‘त्यांच्याकडे सगळे जाते’ या वाक्याला आकड्यांनी उत्तर देता येईल किंवा ते खरे असेल तर दुरुस्त करता येईल. नगरसेवकांच्या प्रभाग निधीचा ठरावीक हिस्सा शेजारच्या प्रभागाशी मिळून करायच्या कामासाठीच राखून ठेवावा आणि ते काम दोन्हीकडच्या रहिवाशांच्या संयुक्त सभेत ठरावे. क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागांतील मतदारांच्या सभांची, तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, तिला या निमित्ताने जीव येईल. आणि १७ मार्चला संचारबंदी लागलेल्या भागांतल्या महापालिकेच्या दवाखान्यांत, शाळांत आणि वाचनालयांत रिक्त असलेली पदे याच आर्थिक वर्षात, कंत्राटी नव्हे तर नियमित आकृतिबंधात, म्हणजे मंजूर कायम पदांवर, भरावीत. या तिसऱ्या मागणीला प्रशासन आस्थापना खर्चाची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वेतनादी खर्चाची, मर्यादा पुढे करील. तेव्हा नगरसेवकांनी संचारबंदीच्या त्या दिवसांत इतवारीच्या बाजारपेठेचा बुडालेला धंदा, हातावर पोट असणाऱ्यांची गेलेली मजुरी आणि बंदोबस्ताचा खर्च यांचा हिशेब मागवून घ्यावा, आणि तो त्या पदांच्या वार्षिक वेतनाशेजारी ठेवून मगच मतदान करावे.